गावाची माहिती, एका पानात

तालुक्याहून फॉर्म आला.
पंचायतीचा संगणक मी चालवतो, म्हणून भरायचाही मीच.

गावाचे नाव: उमरधोंडी.
घरे: दोनशे सहा. पैकी कुलूपबंद एकतीस.
त्यात देवमन ढोबळ्याचं घर धरू नका,
तो रोज दिवे लागले की कुलूप लावून
बागेत जागलीला जातो,
आणि मोजणीवाले नेमके तेव्हाच येतात.

मुख्य पीक: संत्रा.
रकाना इथे संपतो.
खरं तर पुसात पाणी तोडतात,
पानांच्या कडा वळून पन्हाळीसारख्या होईपर्यंत
झाडाला तहानेलं ठेवतात.
दमडू धुर्वे रोज सकाळी एक पान दुमडून बघतो,
कानाशी नेतो, आणि म्हणतो, अजून नाई.
मग एका सकाळी म्हणतो, सोडा.
भेलं की फुलते, म्हणतो, झाड मोठं भित्रं हाय.
तेवढे आठ-दहा दिवस
कंडक्टर फाट्यावर गावाचं नाव पुकारत नाही.
नाकानं उतरा, म्हणतो.

पाण्याची सोय: बोअर.
खोली: शेवटची नऊशे फूट.
पाण्याच्या आधी पांढरी भुकटी निघाली,
तीन दिवस आमच्या ताटांवर, म्हशींच्या पाठीवर,
शाळेच्या फळ्यावर बसली.
गुरुजी म्हणाले, खडूचा खर्च वाचला.
पाणी नंतर आलं. दोन बोटं.

समुद्रकिनाऱ्यापासून अंतर:
फॉर्म साऱ्या राज्याला एकच, त्याला काय माहीत.
मी टाइप करत होतो, लागू नाही,
तर बाकावरून गुंफाबाई युवनाते म्हणाली,
थांब रे बापू.

ती हयातीच्या दाखल्यासाठी आलेली, सकाळपासून.
अंगठा मशीनवर उमटत नव्हता.
अडतीस हंगाम तिनं फळाचे देठ कापले,
लहान-मोठं निवडलं, पेटीत गवत अंथरलं.
सालीच्या तेलानं रेषा गेल्या, असं तीच सांगते,
खरंखोटं तेलालाच ठाऊक.

उठली. घरी जाऊन आली.
टेबलावर ठेवली खोकल्याच्या औषधाची बाटली,
रिकामी, तळाशी पांढरी खपली.

शेख कासम ट्रक घेऊन कोचीनला जायचा,
तीन रात्री, आमचीच फळं.
निघताना त्यानं बायांना विचारलं, काय आणू?
कुणी शिंपले सांगितले, कुणी बांगड्या.
ही म्हणाली, मले समुद्र पायजे.
किती खारा हाय ते पायतो.

त्यानं आणला. बाटलीभर.
सहाजणींनी बोट बुडवून चाखला,
सातवी थुंकली, ती शेजारच्या गावची होती.
मग फडताळात ठेवला.
झाकण सैल होतं. दोन उन्हाळे गेले.

"उडाला," गुंफाबाई म्हणाली,
"आपलं ऊन त्यालेई सोडत नाई.
पण बूड तर हाय ना.
लिही. इथून नऊ घरं."

मी हसलो नाही. हसायला हवं होतं का, माहीत नाही.
रकान्यात फक्त आकडा चालतो.
९ टाकला.
पुढे किलोमीटर हा शब्द
आपोआप उमटला, तो मला खोडता येत नाही.

प्रसिद्ध व्यक्ती: निरंक.
प्रेक्षणीय स्थळ:
इथे वीज गेली.

आली तेव्हा पावणेपाच झाले होते.
गुंफाबाईनं अंगठा पदराला पुसला,
जिभेला लावला, पुन्हा पुसला, दाबला.
मशीन बराच वेळ गोल गोल विचार करत राहिलं.
बाहेर कुणाच्या तरी गाडीत पेट्या चढत होत्या,
एक फळ निसटून पायरीपर्यंत आलं.
ती त्याच्याकडे बघत म्हणाली,
"बारीक माल. हा नाई जात तिथलोक."