सातवी खोली

ब्रनोच्या विद्यापीठात, तळघरात,
आम्ही जुन्या कॅसेट ऐकतो.
ऐकतो म्हणजे, यंत्राला ऐकवतो.
आधी शिट्टी,
मग पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज
सहा मिनिटं,
आणि पडद्यावर उमटतं:
तू एका बंद पडलेल्या गिरणीत आहेस.

खेळ पंच्याऐंशीचा.
चित्रं नाहीत, गोळीबार नाही, नुसती वाक्यं.
उत्तरेला जा. कंदील घे.
सातव्या खोलीतून मात्र कुठेच जाता येत नाही.
चार भिंती, एक खुर्ची. बस्स.

त्या खोलीवर मी एकतीस पानं लिहिली.
बंद सीमा, बंद वाक्यरचना,
खेळाडूच्या कर्तेपणाचा संकोच.
तळटीपाच चौसष्ट.
हावरानकोवाबाईंनी चष्मा काढला.
छान आहे, म्हणाल्या,
पण ज्यानं केला त्याला विचारलंस का?

ओल्द्रिख शिमांदल, प्रॉस्त्येयोव.
जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता ससे पाळतात.
गवताचे हात पँटला पुसत बाहेर आले.
मी एकतीस पानांचं सार सांगितलं.
त्यांनी केकचा मोठा तुकडा कापून माझ्यापुढे सरकवला.
"मेमरी संपली हो, बाई.
दोन दारं ठेवायची होती.
अठ्ठेचाळीस किलोबाइटमध्ये मावेनात."

मी हसले. अशा वेळी हसावंच लागतं.
आलुबुखाराची बी दाताखाली आली.

फाटकापाशी त्यांनी सहज विचारलं,
"खुर्चीवर बसलात का?"

नाही.
कुणीच बसलं नव्हतं.
आम्ही भिंती तपासल्या, प्रत्येक दिशा टाइप केली,
कोडची ओळ न् ओळ छापून भिंतीवर लावायची ठरलं होतं,
पुढच्या अनुदानातून.

परत तळघर. शिट्टी. वाळू.
सहा मिनिटं आज संपता संपत नव्हती.
उत्तरेला. उत्तरेला. खाली.
बस.

ही खुर्ची ल्युबोशची.
सुट्टीला म्हणून युगोस्लाव्हियाला गेला.
आई अजून त्याच्या बुटांना पॉलिश करते.

मी अक्षरं मोजली. सवयच ती.
मग दार करायला किती लागतात तेही मोजलं.
दोन दारं आरामात मावली असती
तेवढ्या जागेत.

पहारेकरी दिवे मालवायला आला.
शुक्रवारी प्रबंध द्यायचाय,
बत्तिसावं पान कोरं.
थांबा जरा, म्हटलं त्याला,
मी अजून उठले नाहीये.