चपलेतला विंचू

शामगोंडा बोटीतून खाली उतरतो.
गेल्या श्रावणापासून एवढंच सुचलंय मला.
पंचगंगा गल्लीत शिरलेली,
बोटीत त्याची बायको पद्मल, मुलगी,
एक शेळी, शेजाऱ्यांचा टीव्ही.
आणि हा माणूस, उद्यमनगरात लेथवर
वीस वर्षं उभा राहिलेला,
कुणाला काही न सांगता
छातीभर पाण्यात उतरतो
आणि मागं घराकडं चालू लागतो.

का?

आधी मी त्याला सोनं दिलं.
पद्मलचा साज, पत्र्याच्या डब्यात, तांदळाखाली.
तो गेला, पण बँकेत गेल्यासारखा गेला.
मग बापाचा फोटो दिला.
फोटो भिंतीवरून असा काही बघू लागला
की मीच पान फाडलं.
मग एक जुनं वैर.
सात पानं त्याच्या मुठी आवळल्या,
दुखले माझे हात.
आठव्या पानावर तो थांबला, म्हणाला,
मास्तर, हे तुमचं काम दिसतंय,
मला कशाला भिजवताय?

सुभाषनगरात चप्पल न्यायला गेलो
तेव्हा पिराजी रापीनं तळ छिलत होता.
बोलता बोलता सगळं सांगून बसलो.
"का उतरला म्हंता?"
"तेच तर अडलंय."
"जोडा कुठं चावतो, घालणाऱ्यालाच ठावं.
त्याचा जोडा घालून बघितला का कधी?
का नुसतंच चल म्हंताय?"

मी गप्प.
त्यानं दोन तळांच्या मधी
विंचवाचं बी ठेवलं,
वर कातडं बसवलं, वादीनं टाके घातले.
"आता दिसायचं न्हाई.
पाऊल टाकलं की करकरतंय.
ऐकणाऱ्याला वाटतं, कातडंच वाजतंय."

मंगळवार पेठेपर्यंत चालत आलो.
गल्लीतली कुत्री कान टवकारून बघत होती.

त्या रात्री डब्यात तांदूळच निघाले.
फळीवर मात्र, देवाच्या तसबिरीमागं,
मऊ फडक्यात गुंडाळलेलं
कारखान्याचं मायक्रोमीटर होतं.
चोरलेलं नव्हे. एका शनिवारी घरी आणलेलं,
मुलीला दाखवायला,
की तिचा केस किती जाड भरतो.
शून्य पूर्णांक शून्य सात.
"एवढाच?" म्हणून ती हसत सुटलेली.
सोमवारी शेठनं विचारलं तेव्हा
"कपाटात ठेवलं की" असं तोंडातून निघून गेलं.
मंगळवारी परत न्यायचं होतं.
मंगळवारी शेठ दारातच उभा.
बुधवारी बशीर मुल्लाणीला कामावरून काढलं.

बशीर आता गांधीनगरात कापडाचे तागे उचलतो.
रस्त्यात दिसला की हात करतो.
हात करतो, हेच तर.

पाणी ओसरेल. तलाठी येईल पंचनाम्याला,
शेजारी चिखल उपसायला येतील,
त्यात कारखान्यातली चार पोरंही.
फळी पडलेली असेल. फडकं सुटलेलं.

पुढच्या रविवारी पिराजीला वाचून दाखवलं.
हातातला दाभण तसाच धरून ऐकत राहिला.
"आता चालतोय त्यो," म्हणाला.
मी खुशीत चहा सांगितला.
चहा येईपर्यंत त्यानं दोन टाके घातले
आणि मान वर न करता विचारलं,
"मग बशीरकडं निघालाय,
का नदीत टाकाय निघालाय?"

"ते अजून ठरलं नाही."

"तुमचं ठरलं नसंल.
त्येचं बी ठरलं नसंल तर
त्येला पाण्यात कशापायी उभा केलाय?"

चहा निवला.
मी कागद गुंडाळून पिशवीत घातले.

अजून लिहितोय.
बोटवाले शिट्टी फुंकतायत.
पद्मलनं हाका मारायचं सोडून दिलंय.
मुलगी बोटीच्या कडेला केस पिळत बसलीय.
शामगोंडाच्या हाताला, पाण्याखाली,
दाराची कडी लागलीय.