पत्र्यावरचं डांगर

वालपराइसोच्या या टेकडीवर सपाट असं काही नाही.
टेबलाच्या एका पायाखाली कायम घडी घातलेला कागद,
चेंडू हातून सुटला तर थेट बंदरात.
माझं अंगण म्हणजे दोन पावलं.
तिसरं टाकलंत
तर तुम्ही क्लोरिंदाच्या छपरावर.

मुलगी फोनवर हसली : डांगर? तुमच्याकडे?
त्याला म्हणे चारी बाजूंनी दहा-दहा हात लागतात.
म्हटलं, चार बाजू कुठून आणू,
मला एकच आहे,
खाली.

ऑक्टोबरात कपड्यांच्या जुन्या टबाला भोकं पाडली.
तळाशी मासळीबाजारातली डोकी, वर कोंबडीखत,
आणि तीन बिया, टोक खाली करून.
दोन उगवल्या. त्यांतली एक उपटताना
इकडेतिकडे पाहिलं, उगाच.

बेत असा होता की वेल तारेवरून वर न्यायची,
फळ धरलं की जुन्या मासेमारी जाळ्याची झोळी बांधायची.
वेलीला बेत कुणी सांगितला नव्हता.
डिसेंबर संपता संपता कठडा ओलांडून
ती उतरली खाली, पत्र्यावर,
हाताएवढी पानं पसरत, परवानगी न घेता.

क्लोरिंदाशी माझं बोलणं नव्हतं. नऊ वर्षं.
एका सांडपाण्याच्या नळीवरून.
नळी केव्हाच बदलली,
पण विळ्या-भोपळ्याच्या सख्याला
नळीची गरज उरत नाही.

आधी नुसती नरफुलं आली, वीसेक,
पिवळी, मिरवणारी, दुपारी मिटणारी.
मग एका पहाटे तिच्या छपराच्या अगदी कडेला
मादीफूल,
देठाशी सुपारीएवढं डांगर घेऊनच उमललेलं.
समुद्रावरून धुकं चढत होतं. अशा धुक्यात
मधमाशी घराबाहेर पडत नाही.
आणि फुलाकडे एकच सकाळ असते.

मी एक नरफूल खुडलं, पाकळ्या सोलल्या,
वेताच्या काठीला दोऱ्यानं बांधलं
आणि कठड्यावर पोट टेकून
म्हाताऱ्यानं गळ टाकावा तसा टाकला.
पोचेना. वीतभर कमी.
पुन्हा. वीतभर कमी.
मी पुटपुटत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात छपराच्या कडेवर एक शिडी टेकली,
मग करडा अंबाडा, मग हात.
हातानं काठीचं टोक धरलं, फूल सोडवलं,
आणि आत, पिवळ्याच्या आत,
अलगद फिरवलं दोनदा
बाळाचं नाक पुसावं तसं.
शिडी उतरली. काठी माझ्या हातात हलकी झाली.

पुढे तीन आठवडे कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
फक्त फळाखाली एक दिवस गोणपाट दिसलं,
पत्रा तापतो म्हणून. माझं नव्हतं ते.
मग दोन विटा, घसरू नये म्हणून.
मी वरून रोज एक बादली पाणी टबाला घालायचो
आणि जोरात खाकरायचो.

मार्चमध्ये रात्री जमीन हलली.
फार नाही. दिवा झुलला, कपाटातल्या बश्या बोलल्या,
सगळ्या टेकडीचे पत्रे एकदम खडखडले.
मी बॅटरी घेऊन धावलो तो दाराकडे नाही, कठड्याकडे.
खाली खिडकीतूनही एक झोत निघाला होता.
दोन्ही झोत एकाच जागी पडले.
हिरवट राखाडी, पोट फुगवून, विटांना टेकून.

"आहे," ती म्हणाली.
"आहे," मी म्हणालो.

एप्रिलमध्ये देठ वाळून बुचासारखा झाला.
अकरा किलो. तिच्या काट्यावर तोललं,
माझ्या टेबलावर कापलं.
"तिरकं कापताय," ती म्हणाली.
तिरकंच होतं. मोठी बाजू तिच्याकडे गेली,
अर्धी पुऱ्यांना, पहिल्या पावसाळी दिवसासाठी.

बिया द्यायला कागद सापडेना.
वाकून टेबलाच्या पायाखालचा काढला,
उलगडला, झटकला, पुडी बांधली.

टेबल तेव्हापासून डुगडुगतंय.