एक, सहा, दोन, पाच

जळगावच्या डॉक्टरांनी बापाला विचारलं,
"बाबा, एक ते आठ मोजून दाखवा."
बाप म्हणाला, एक, सहा, दोन, पाच,
आठ, तीन, सात, चार.
डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
मी बोलले नाही.
खुर्चीखाली माझा पाय ठेका धरून होता.

हा पाढा मला शाळेआधी आला,
धरणगावात, जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये,
जिथे वाशावाशाला रुईची जळमटं
आणि ताडपत्रीखाली लच्छीराम शेटची पॅकार्ड,
चौतीस सालची.
डेट्रॉईटहून बोटीनं, मुंबईहून मालगाडीनं आलेली.
नाक एवढं लांब
की वळणावर आधी नाक जायचं,
मग घटकाभरानं शेट.

आठ सिलिंडर, एका ओळीत,
पंगतीला बसल्यासारखे.
"पन वाढपी ओळीनं वाढत नाही," बाप सांगे,
"ओळीनं वाढलं तर दांडा पिळवटंल.
पहिल्याला, मग एकदम सहाव्याला,
मागे येऊन दुसऱ्याला, पुन्हा पाचव्याला.
कोणी उपाशी राहत नाही,
कोणाला ताट वाजवावं लागत नाही."

बाप मूळचा बॉयलरवरचा. उखर्डू मिस्त्री.
वाफेचं इंजिन ओरडून सांगतं कुठं दुखतं ते.
ही काहीच सांगायची नाही.
चालू इंजिनावर शेट कडेवर रुपया उभा करी,
पाहुण्यांचा चहा निवून जाई,
रुपया उभाच.
"एवढी मुकी," बाप म्हणे, "माले भ्याव वाटस."

लढाईत पेट्रोल कुपनावर आलं
तेव्हा तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधली,
शालू नेसलेल्या बाईच्या डोईवर बंब द्यावा तशी.
एरंडोलपर्यंत खोकत गेली म्हणतात.
मी तेव्हा नव्हते.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात मात्र मी होते, कंदील धरून.
पोटात खोल कुठेतरी टक्, टक्.
मी विचारलं, काय झालं?
"चूप ऱ्हाय. तिले बोलू दे."

नऊ बेअरिंगं. आतला पांढरा धातू झिजलेला.
मुंबईहून उत्तर आलं: माल येत नाही.
बापानं पऱ्हाट्या पेटवल्या.
कढईत कथील, चिमूटभर तांबं,
आणि अमळनेरच्या छापखान्यातले झिजके खिळे.
काने, वेलांट्या, कितीतरी चि. सौ. कां.
वितळून एक झाले.
माझ्या गणवेशाची नीळ तेलात कालवून
त्यानं दांड्याला लावली,
फिरवून पाहिलं, निळं उठलं तेवढंच खरवडलं,
पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं.
अकरा दिवस.
बाराव्या दिवशी ती सुरू झाली
हे आम्हाला पंख्याच्या वाऱ्यानं कळलं.

पुढे तिकडची कंपनीच मिटली.
शेट गेले. मुलानं धड मालेगावला भंगारात दिलं, वजनावर,
आणि इंजिन तापीकाठी केळीच्या बागेत
पंपाला जोडलं.
रईसांची आठ तोंडं रॉकेल पिऊन
सऱ्यांत पाणी सोडू लागली.
बाप रविवारी सायकलीनं जाऊन
बांधावर बसे, नुसता.
कोणी विचारलं तर म्हणे, केळी पाहायला आलो.

राहिला नाकावरचा पक्षी.
कंपनीच्या पुस्तकात त्याला पेलिकन म्हटलेलं,
शेट तसंच सांगायचे.
बाप खाली मान घालून पुटपुटे,
"झोयी कोठे शे हाले? हाऊ ते पानकावया."
तापीवर पंख वाळवत बसणारे
त्यानं रोज पाहिलेले.
भंगारवाल्याच्या यादीत पक्षी होता,
ट्रकमध्ये नव्हता.
याबद्दल बाप काही कबूल करत नाही.

आमच्या माठाच्या झाकणावर
तीस वर्षं तो मूठ म्हणून बसलाय,
निकेल मानेपाशी उडालेलं.
दवाखान्यातून आल्यावर बापानं
त्याच मानेला धरून झाकण उचललं,
दोन पेले पाणी प्याला,
आणि परत ठेवताना
चोच दाराकडे करून ठेवली,
रस्त्याच्या बाजूला.