छाट

टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे.
पीस उजेडापुढं धरायचा, एक धागा चुकला
की कोपऱ्यात खडूची फुली.
फुलीचा माल किलोवर जातो,
त्याच सुताचा, त्याच मागावरचा.
अकरा वर्षं फुल्या मारतेय,
हात कधी अडला नाही.

लच्चूचा निकाल इंग्रजीत आला, मोबाईलवर.
लक्ष्मीपती चिलवेरी, वय वीस,
डावा पाय, डावी बगल.
लघवीच्या नमुन्यात अंश सापडला आहे.
कशाचा, तो शब्द मी दोनदा वाचला
आणि अम्माला वाचून दाखवताना गाळला.

गड्ड्याचे दिवस होते, पाळणे फिरत होते,
किल्ल्याच्या खंदकाकडं चौघांत एक चिलीम.
त्यानंच सांगितलेलं, हसत हसत,
"अक्का, दोनच झुरके. नुसती भूक लागली बघ,
पाच प्लेट भजी."
बाटली भरून घेतली पुण्याच्या शिबिरात,
त्याला मधे दहा दिवस गेलेले.
आमच्या कारखान्यातला कंपाउंडर म्हणाला,
दोन झुरके इतके दिवस राहत नाहीत अंगात.
म्हणजे दोन नव्हते.
हेही मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

त्याआधी एजंटचा फोन रोज यायचा.
पहिल्या फेरीत उचलतील पोराला, लिहून घ्या.
मग दिवसाआड. तिसऱ्या-चौथ्या फेरीत बघू.
मग, एखादा क्लब राखीव म्हणून घेईल, तुम्ही धीर धरा.
मग मीच लावला, तर नुसतं गाणं वाजत राहिलं.
आणि पार्क मैदानावर त्याच आठवड्यात
कोपऱ्यावरून मारलेला त्याचा चेंडू
हवेतच वळून आत शिरत होता,
पूर्वीसारखाच.

निवडीच्या दिवशी मोबाईलला उशीचा टेकू दिला.
विडी घरकुलातली अर्धी चाळ दारात.
बारा क्लब, आठ फेऱ्या.
चौथ्या फेरीला खालून कुणी ओरडलं, पाणी आलं!
पाचव्या दिवसाचं पाणी, कोण थांबणार?
घागरी वाजल्या, दार मोकळं झालं.
सहावीत गोव्याचा एक पोरगा गेला,
ह्यानं शिबिरात तीनदा चकवलेला.
आठवी संपली. पडद्यावर टूथपेस्टची जाहिरात.
लच्चू उठला, दोन बादल्या घेऊन
नळावर गेला.

रात्री अम्मा एकदम बोलली,
"माझीच तंबाखू निघाली ना रे, त्या बाटलीत?"

बावीस वर्षं, रोजच्या हजार विड्या.
त्याच्या पाळण्याला तिचं सूप टेकलेलं असायचं,
तंबाखूच्या धुळीत शिंकत शिंकत
मोठं झालेलं पोर.
हिशेब तिनं स्वतःच मांडला होता,
उत्तरही काढून ठेवलं होतं.
लच्चूनं माझ्याकडं पाहिलं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.
नाही, एवढाच शब्द होता. तेलुगूतही छोटाच आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सूप बाहेर नेलं.
एप्रिलातलं सोलापूर, पायरी तव्यासारखी,
डोक्यावर माझ्या कारखान्यातला फुलीचा टॉवेल.
उन्हात पान कडक होतं, वळताना चिरतं.
संध्याकाळी कारखान्यात चेकर तिच्यासमोरच
छाट काढतो, मोडून टाकतो.
शंभरातल्या चार-पाच जायच्या, आता वीस.
मजुरी घटली तरी म्हणते,
"घरात धूळ तरी नाही."

पंधरा दिवस तो आत, ती बाहेर.
मधे उघडं दार.
मी येता-जाता दोघांना ओलांडते
आणि कामावर जाऊन
लोकांचे चुकलेले धागे शोधते.

काल रात्रपाळी होती. सकाळी परतले तर
पायरी रिकामी.
सूप आत, पंख्याखाली, जुन्या जागेवर.
अम्मा पाठमोरी, विड्यांना दोरा बांधत होती,
जरा जास्तच घट्ट.
लच्चूचे डोळे सुजलेले,
एका गालावर बोटं उमटलेली.
तो समोर बसून कात्रीनं पानं कापत होता,
वाकडी.
ती एक एक उचलून
न बोलता सरळ करत होती.