गेरूचा पट्टा

मुक्ता शिंगटेनं दगड पाठवलाय.
पार्सलवर चिलीचे शिक्के, कस्टमवाल्यांनी उसकटलेलं,
आत लोकरीच्या मोज्यात लिंबाएवढा,
राखाडी, अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके.
"काका, कपाटात जागा असली तर ठेवा.
इथून जवळचं गाव दोन दिवसांवर.
डोंगराच्या टोकाला बर्फ, बर्फातून वाफ,
पायथ्याला मिठाचं मैदान, त्यावर पाखरूसुद्धा नाही.
एक थर लाव्हा, एक थर राख,
पुन्हा लाव्हा, पुन्हा राख,
असा रचत रचत उभा राहिलाय.
अजून रचतोय.
रात्री तंबूत पाठीला कळतं."

एकतीस वर्षं कॉलेजात मी नमुन्यांना चिठ्ठ्या डकवल्या.
शिकवलं नाही कधी. पुसलं, मांडलं, मोजून घेतलं.
ही एकटी पोरगी दगड परत करताना
त्यावर फुंकर मारून द्यायची.
कपाटाची किल्ली आता माझ्याकडं नसते,
हे तिला कुणी कळवलेलं दिसत नाही.

खिशात घालून यवतेश्वरच्या घाटात गेलो.
रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं
काळ्या कातळात हातभर तांबडा पट्टा.
सर म्हणायचे, एक लाव्हा निवला, दुसरा यायचा होता,
मधल्या सवडीत झालेली माती ही.
वरच्यानं भाजून काढली.
साडेसहा कोटी वर्षं झाली,
अजून बोटाला लागते.

आमच्याकडं शिखर झालंच नाही.
जमीन उसवली
आणि पातळ पिठलं ताटात पसरावं तसं
सगळं आडवं गेलं, थरावर थर.
समोर अजिंक्यतारा, वरून हात फिरवल्यासारखा.

खाली वळणावर तिम्मा धोत्रे पाट्याला टाकी लावत बसलेला.
त्याच्या हातात दिला. कुठला, हे विचारलं नाही त्यानं.
छिन्नीच्या मागच्या अंगानं टिचकी मारली,
कान लावला.
मग आपल्या काळ्यावर मारली. तो खणखणला.
"पोर हाय ह्ये. अजून बोलाय शिकायचंय."
आणि परत देताना
सवयीनंच
फुंकर मारली.

रात्री चिठ्ठी लिहायला घेतली.
नाव: अँडेसाइट. आणणार: मु. शिंगटे.
ठिकाणापाशी अडलो, डोंगराचं नाव तिनं लिहिलंच नाही.

पहाटे मांडणीतली एक ताटली किणकिणली.
कोयनेकडचा असणार, बारकासा.
उठलो नाही.
फरशीवर पाठ आणखी जरा
टेकवून पडलो.