पोचपावती

डुलूथमध्ये कडेचा बर्फ अजून काळाच आहे.
व्हर्ना टिलट्सन पोस्टाच्या खिडकीशी.
पाकिटात वीजबिलाची झेरॉक्स, लायसन्सची झेरॉक्स
आणि लाल पेनाने गिरवलेला क्रेडिट रिपोर्ट:

ही मोटारबोट माझी नव्हे.
मला पोहतासुद्धा येत नाही.
नावात एक ‘एल’ जास्तीचा आहे,
त्या बाईला गाठा, कर्ज तिचं असेल.
फार्गोत मी फक्त एकदा बस बदलली, राहिले नाही.

मार्चचा हप्ता, तीस दिवस उशिरा.
इथे पेन अडलं होतं.
मार्चमध्ये ऑर्विल गेला.
बँकेनं खरं तेच लिहिलंय.
ती ओळ तिनं तशीच ठेवली.

पोचपावती हवी का, क्लार्क विचारतो.
हवी.
सही कुणाचीही चालेल,
फक्त माणसाची असू दे.